दिवसाचा हिशेब चार ओळींत: आत्मपरीक्षणाची सवय कशी लावावी

दुपारी मीटिंगमध्ये जे बोलायचं राहिलं, ते दादर ते ठाणे या प्रवासात मनातल्या मनात तीनदा बोलून होतं. दर वेळी साहेब निरुत्तर होतात. ठाण्याला उतरताना डोकं जड असतं, हाती मात्र काहीच लागलेलं नसतं आणि पुढच्या मीटिंगमध्ये तोच प्रकार पुन्हा घडतो. बरेच जण यालाच आत्मपरीक्षण समजतात. आपल्याकडे याला उगाळणं म्हणतात, आणि कोळसा उगाळल्यावर काय निघतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन्हींतला फरक ओळखायला एकच कसोटी पुरते. विचार करून झाल्यावर उद्या-परवा तपासता येईल अशी एक लहानशी कृती हाती आली, तर ते परीक्षण. नाही आली, तर उगाळणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा गाभाही याच्या जवळचा आहे: उदास असताना त्या उदासीवर आणि तिच्या कारणांवरच पुन्हापुन्हा विचार करत बसणाऱ्यांची उदासी जास्त काळ टिकते. म्हणजे नुसता स्वतःबद्दल विचार केल्याने माणूस सुधारतोच असं नाही, कधीकधी तो आणखी खचतो. म्हणून खालची पद्धत मुद्दाम आखीव ठेवली आहे. ती रोज दहा मिनिटं मागते, रविवारी अर्धा तास.

वही, पेन आणि लपवायची जागा

शंभर पानी एकरेघी वही घ्या, पर्समध्ये किंवा ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी मावेल अशा आकाराची. महागडी चामड्याच्या कव्हरची डायरी घेऊ नका. तिच्यात खाडाखोड करायला हात धजत नाही आणि माणूस सुविचार लिहायला लागतो. पेन साधं बॉलपेन असावं. पावसाळ्यात बॅग भिजली की जेलची शाई पसरते आणि जूनमधलं पान जुलैत वाचता येत नाही. वही झिपच्या प्लास्टिक पाउचमध्ये ठेवा.

शेवटची दहा पानं वेगळी राखून ठेवा, त्यांचं काम पुढे येईल. उरलेल्या नव्वद पानांत आठवड्याचे सहा दिवस रोज एक आणि रविवारी एक असं लिहिलं, तर वही जेमतेम तेरा आठवडे, म्हणजे तीन महिने पुरते. हा हिशेब उपयोगी पडतो, कारण वही संपणं हाच मोठ्या आढाव्याचा मुहूर्त.

फोनवर लिहिलं तर चालेल का? कच्च्या टिपणासाठी चालेल. गर्दीत एका हाताने कडी धरून उभे असताना व्हॉट्सॲपवर स्वतःलाच दोन शब्द पाठवून ठेवावेत: ‘५.३५ शीट, लगेच हो’. मूळ नोंद मात्र कागदावर. फोन हातात घेतला की नोंद लिहून होण्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचं भांडण सुरू झालेलं दिसतं आणि दहा मिनिटं तिथेच जातात.

मुंबईच्या घरांत खरी अडचण वहीची नसते, एकांताची असते. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं असतील तर कपाटाचा खालचा कप्पाही कुणाचा तरी असतो. आणि वही कुणी वाचेल अशी शंका जरी आली, तरी हात आपोआप गोड लिहू लागतो. तसं लिखाण कुचकामी. त्यामुळे माणसांची पूर्ण नावं लिहू नका, एक अक्षर पुरे. तेही नात्याचं किंवा नावाचं आद्याक्षर नको, कारण ‘सा’ म्हणजे सासूबाई हे घरात कुणालाही कळेल. वही बॅगेतच राहू द्या आणि लिहायची जागा घराबाहेर शोधा. सोसायटीच्या गच्चीचा जिना, शिवाजी पार्कचा कट्टा, स्टेशनजवळच्या बागेतलं बाकडं, ऑफिस सुटल्यावर रिकामं झालेलं कँटीन, काहीही चालेल. गाडीत खिडकी मिळाली तर उत्तमच, पण तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकून लिहिणं जमत नाही. तो प्रयोग करू नका.

वेळ घड्याळाला नको, घटनेला बांधा

‘रात्री निवांत झाल्यावर लिहीन’ असं ठरवणाऱ्याची वही आठवडाभरात बंद पडते, कारण या शहरात रात्री कुणी निवांत होत नाही, थेट आडवा होतो. रात्री साडेनऊ ही वेळही कच्चीच. सिग्नल बिघडला, गाडी रखडली, पाहुणे आले की ती हुकते. त्यापेक्षा रोज घडतेच अशा एका गोष्टीच्या पाठीला सवय बांधा. स्टेशनबाहेर पडून रिक्षाच्या रांगेकडे वळण्याआधी. डबा धुवायला टाकल्यावर. कुकर लावल्यावर, शिट्ट्या होईपर्यंत. घरून काम करत असाल तर लॅपटॉप मिटल्यावर, खुर्चीवरून उठण्याआधी. अंथरुणावर पडून मात्र लिहू नका. तिथे दहा मिनिटांचा अर्धा तास होतो आणि झोप उडते.

सवय एकवीस दिवसांत लागते हे वाक्य विसरून जा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींवर केलेल्या अभ्यासात एखादी गोष्ट आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर आपल्यातच काही कमी आहे असं समजायचं कारण नाही.

चार ओळी

दिवसातली एकच घटना निवडा. मोठी असायची गरज नाही. ज्या क्षणी मन किंचित हललं, तो क्षण घ्या. तिच्यावर चार ओळी लिहायच्या, पण पहिल्याच दिवशी चारही नाहीत. पहिल्या आठवड्यात फक्त पहिल्या दोन, दुसऱ्या आठवड्यात तिसरी जोडा, तिसऱ्यात चौथी. सगळं एकदम सुरू केलं की चौथी ओळ खोटी निघते. माणूस काय घडलं ते नीट न पाहताच उपाय लिहून मोकळा होतो.

पहिली ओळ: काय घडलं. सीसीटीव्हीत दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहा. ‘त्याने माझा अपमान केला’ हे कॅमेऱ्यात दिसत नाही. ‘मी बोलत असताना तो फोन बघत होता’ हे दिसतं. वेळ लिहा आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहा. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘मुद्दाम’ हे तीन शब्द या ओळीत आले तर खोडा.

दुसरी ओळ: काय वाटलं. इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. आपण सगळ्याला ‘टेन्शन आलं’ म्हणतो. लोकल चुकली तरी टेन्शन, मुलाचा निकाल आहे तरी टेन्शन, साहेब ओरडले तरी टेन्शन. या एका शब्दाखाली घाई, धास्ती, अपमान, थकवा, हेवा असं काहीही दडलेलं असतं आणि प्रत्येकावर इलाज वेगळा. थकव्यावर झोप हा इलाज आहे, हेव्यावर नाही. मराठीत याबाबत श्रीमंती आहे, ती वापरा: चिडचिड, वैताग, संताप, हिरमोड, खट्टू होणं, ओशाळणं, खजील होणं, असूया, धाकधूक, हुरहूर, कानकोंडं होणं, कोंडमारा. ओशाळणं आणि खजील होणं यांतला फरक दोन मिनिटं डोक्यात घोळवला, तरी नेमकं काय खुपलं ते सापडायला लागतं. शब्द सुचत नसेल तर शरीरात काय झालं ते लिहा: कान गरम झाले, पोटात गोळा आला, आवाज चढला. शरीराची नोंद सहसा खोटी निघत नाही.

तिसरी ओळ: माझा वाटा. यात दोन भाग येतात, माझ्या हातात काय होतं आणि काय नव्हतं. दोन्ही लिहायचे. पहिलाच लिहिला तर स्वतःला बडवणं होतं, दुसराच लिहिला तर तक्रारवही होते.

चौथी ओळ: पुढच्या वेळी. हिचा साचा ठरलेला आहे: ‘जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करेन.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या प्रकारच्या संकल्पांवर बरंच काम केलं आहे. नुसत्या ‘मी हे करणार’पेक्षा ‘केव्हा आणि कुठे’ जोडलेला संकल्प जास्त वेळा पार पडतो, कारण तो प्रसंग समोर आला की काय करायचं ते आठवावं लागत नाही. प्रसंगच आठवण करून देतो.

एकच प्रसंग दोन तऱ्हांनी लिहिलेला पाहा. पहिली तऱ्हा: ‘आज परत ऑफिसात गोंधळ. साहेब नेहमी ऐन वेळी कामं देतात. मी कुणाला नाही म्हणूच शकत नाही. माझ्यात आत्मविश्वासच नाही. आता बदलायलाच हवं.’

दुसरी तऱ्हा:

‘शुक्रवार, ५.३५. निघताना क म्हणाले, “सोमवारी सकाळी शीट हवी.” मी लगेच म्हणालो, “हो सर, होईल.” शनिवारी भाचीचं बारसं आहे हे तेव्हाच आठवलं होतं.

आधी धास्ती, गाडीत स्वतःवरच चिडचिड. पोटात गोळा.

हातात होतं: उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारणं. हातात नव्हतं: शीट लागणार की नाही ते.

जेव्हा निघायच्या वेळी नवं काम येईल, तेव्हा हो म्हणण्याआधी विचारेन: “सर, सोमवारी किती वाजेपर्यंत चालेल?”’

पहिल्या नोंदीत दिवसाचा वैताग आहे, पण त्यात सोमवारी करण्यासारखं काही नाही. दुसरीत माणूस धीट झालेला नाही, ‘नाही’ म्हणायलाही शिकलेला नाही. त्याने फक्त एक प्रश्न ठरवला आहे. एवढंच पुरे. चौथी ओळ जितकी लहान, तितकी ती घडण्याची शक्यता जास्त. ‘जेव्हा राग येईल, तेव्हा शांत राहीन’ ही चौथी ओळ नव्हे. शांत राहणं ही कृतीच नाही. ‘तेव्हा पाण्याची बाटली उघडून दोन घोट पिईन आणि मग बोलेन’ ही कृती आहे.

अडलंच तर दोन युक्त्या आहेत. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न बदला. ‘मी असा का वागतो?’ याचं उत्तर मन चटकन रचून देतं, आणि ते खरं आहे की नाही हे तपासता येत नाही. ‘कुणासमोर असं होतं?’, ‘किती वाजता होतं?’, ‘त्याआधी काय घडलेलं असतं?’ यांची उत्तरं तपासता येतात. दुसरी युक्ती स्वतःला नावाने हाक मारायची. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की ताणाच्या प्रसंगाबद्दल ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घेऊन विचार करणारे त्या प्रसंगाकडे थोड्या अंतरावरून पाहू शकतात. मराठीत हे सोपं आहे. आपलं घरचं नाव घ्या आणि थोरली बहीण बोलेल तसं ‘अगं’, ‘अरे’ करून लिहा. बहीण रागावते, पण ‘तू कायमची वाया गेलीस’ असं म्हणत नाही.

आणि तीन नोंदींमागे एक नोंद जमलेल्या गोष्टीची असू द्या, त्याच चार ओळींत. आज भाडेकरूशी बोलणं न चिडता झालं, तर नेमकं काय वेगळं केलं? बहुधा जेवण वेळेवर झालेलं असतं. चुकांची वही महिनाभरात उघडायला नकोशी होते. हे जवळजवळ ठरलेलंच.

रविवारची लाल पेनाची घटका

घटका चोवीस मिनिटांची, पण या कामाला तेवढी किंवा थोडी जास्त, अर्ध्या तासापर्यंत, वेळ लागते. दुपारच्या जेवणानंतर ठेवू नका. रविवारचं जेवण आणि आत्मपरीक्षण यांत जेवण जिंकतं. सकाळी चहानंतर बसा.

आमच्या मते सगळ्या पद्धतीचा अर्क या अर्ध्या तासात आहे. रोज लिहिणारे पुष्कळ भेटतात, परत वाचणारे फार कमी, आणि न वाचलेली वही म्हणजे न मोजलेला गल्ला. आठवड्याच्या सहाही नोंदी सलग वाचा. दुरुस्त्या करू नका. लाल पेनाने फक्त तीन गोष्टींवर खूण करायची: तेच माणूस, तीच वेळ, तीच सबब. तीन-चार आठवडे गेले की खुणा बोलायला लागतात. सहापैकी चार चिडचिडी रात्री आठ ते नऊमध्ये निघतात, म्हणजे प्रश्न स्वभावाचा कमी आणि दुपारी दीडनंतर पोटात काही न गेल्याचा जास्त. हे एका दिवसाच्या नोंदीवरून कधीच कळलं नसतं.

मग ‘जेव्हा–तेव्हा’च्या ओळी मोजा. किती वेळा तो प्रसंग खरोखर आला आणि त्यापैकी किती वेळा ठरवलेलं केलं? ‘५ पैकी १’ असं सरळ लिहा. पहिल्या महिन्यात एक-दोन हा चांगला आकडा आहे. एखादी ओळ तीन आठवडे सलग शून्यावर राहिली, तर स्वतःला बोल लावू नका, ओळ बदला. बहुतेकदा कृती मोठी असते (‘रोज आईला फोन करेन’), किंवा प्रसंग धूसर असतो (‘वेळ मिळेल तेव्हा’). ‘जेव्हा घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत उभी राहीन, तेव्हा आईला फोन लावेन’ असं केलं की तीच गोष्ट व्हायला लागते. शेवटी पुढच्या आठवड्यासाठी एकच ओळ निवडून रविवारच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. बाकीच्या रांगेत थांबतील.

शेवटची दहा पानं

ही अंदाजांची पानं. मानसशास्त्रज्ञ बारुख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की निकाल कळल्यावर माणसाला तो आधीपासूनच माहीत होता असं वाटू लागतं. ‘मला वाटलंच होतं’ हे वाक्य आपण सगळेच वापरतो आणि प्रत्येक वेळी आपल्याला खरोखर तसं वाटलेलं नसतं. या खोडीमुळे चुकलेल्या निर्णयातूनही माणूस काही शिकत नाही. उपाय एकच, निर्णय घेतानाच अंदाज लिहून ठेवायचा. पाच रकाने पुरतात: तारीख, निर्णय, काय होईल असं वाटतं, खात्री दहापैकी किती, कधी तपासणार.

समजा, परळची भाड्याची खोली सोडून डोंबिवलीत वन-बीएचके भाड्याने घ्यायचं ठरलं. लिहा: ‘भाड्यात बचत होईल, खात्री ९. प्रवासात रोज वाचन होईल, खात्री ७. मुलं रुळतील, खात्री ५.’ तपासायची तारीख दहाव्या महिन्याची ठेवा. लिव्ह अँड लायसन्सचा करार सहसा अकरा महिन्यांचा असतो, म्हणजे नूतनीकरणाआधी हातात पुरावा राहतो. प्रवासातल्या वाचनाचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

कुठे बिघडतं

तेच वाक्य तिसऱ्या दिवशी तसंच उतरलं, त्यात नवी माहिती काहीच नाही आणि लिहून झाल्यावर छाती आधीपेक्षा जड वाटते, तर उगाळणं सुरू झालंय असं समजा. दहा मिनिटांचा गजर लावूनच बसत जा. गजर वाजला की चौथी ओळ लिहायची, सुचत नसली तरी ओबडधोबड काहीतरी, आणि उठून हातांना काम द्यायचं. भांडी, कपड्यांच्या घड्या, खाली जाऊन कोथिंबीर आणणं, काहीही.

चुकलेल्या दिवसांची पानं मागून भरू नका. चार दिवसांपूर्वी काय वाटलं होतं ते मन आजच्या मूडप्रमाणे रचून देतं. रिकामी तारीख रिकामीच राहू द्या. गणपतीत घर भरलेलं असतं, परीक्षांच्या दिवसांत आई-बापांना श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा वेळी फक्त पहिली ओळ लिहून वही मिटली तरी चालेल.

मोठ्या आघाताला ही चार ओळींची पद्धत लावू नये. कुणी गेलं, नातं तुटलं, नोकरी गेली, तर त्यासाठी वेगळी रीत आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना त्यांच्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला सांगितलं होतं. व्याकरणाची पर्वा न करता, मनात आहे तसं. लिहिल्यावर लगेच जास्त उदास वाटणं त्यात साहजिक आहे, म्हणून महत्त्वाच्या कामाच्या तोंडावर हे करू नका आणि जखम अगदी ताजी असताना तर नकोच. चार दिवस झाले की थांबायचं. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, काम यांपैकी काही धड होत नसेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवून माणसाशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन विनामूल्य लागतो, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं.

बाहेरचा आरसा

वहीत आपण फक्त आपल्याला दिसणारंच लिहितो. म्हणून तीन महिन्यांतून एकदा दोन माणसांना विचारा, एक कामावरचं आणि एक घरचं. ‘माझ्यात काय सुधारायला हवं?’ असं विचारलं की समोरचा संकोचतो आणि ‘छे, तुम्ही चांगलेच आहात’ म्हणून सुटतो. प्रश्न नेमका हवा: ‘गेल्या महिन्यात माझ्यामुळे तुझं काम कुठे अडलं का?’ हाताखालचा माणूस ‘सर’ म्हणत असेल तर तो इथेही खरं सांगणार नाही. त्याला दोन पर्याय द्या: ‘मी फाइल उशिरा परत देतो की सूचना अर्धवट देतो? जास्त त्रास कशाचा?’ घरी मोठ्यांपेक्षा धाकट्यांना विचारा. ‘बाबा, तुम्ही जेवताना फोनवर असता’ हे बारा वर्षांची मुलगी ज्या सहजतेने सांगेल, तसं दुसरं कुणी सांगणार नाही.

उत्तर ऐकताना खुलासा करायचा नाही. ‘बरं’ म्हणायचं आणि त्याच दिवशी ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवायचे. एकदा जरी ‘अगं, पण मी तर...’ म्हणालात, तरी पुढच्या तिमाहीत ‘चांगलेच आहात’ हेच उत्तर मिळेल.

वही भरली की एक सकाळ राखून ती पहिल्या पानापासून वाचून काढा. तासा-दीड तासाचं काम आहे. नव्या वहीत तीनच गोष्टी उतरवायच्या: अजून तपासायचे राहिलेले अंदाज, खरोखर जमू लागलेल्या ‘जेव्हा–तेव्हा’च्या दोन-तीन ओळी, आणि तीन महिने झटूनही न सुटलेली एक सबब. जुनी वही ठेवायला जागा असेल तर ठेवा. नसेल तर फाडून, भिजवून मगच टाका. रद्दीवाल्याला तशीच देऊ नका, नाहीतर तुमचा शुक्रवार कुणाच्या तरी हातात शेंगदाण्यांची पुडी होऊन जायचा.